महाराजांचं घड्याळ, पुसलेलं डायल

पत्र, थोडक्यात: कोल्हापूरच्या शाहूपुरीत राहणाऱ्या एका शिक्षिकेनं लिहिलंय. घरात चावीचं एक जुनं मनगटी घड्याळ आहे. पणजोबा पैलवान होते. खासबागेत कुस्ती मारली म्हणून शाहू महाराजांनी ते स्वतःच्या हातानं दिलं, असं घरात सगळे सांगत आलेत. २०१९ च्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलं, तेव्हापासून ते बंद आहे. डायलवरचं कंपनीचं नाव गेलंय. ‘१७ ज्वेल्स’ आणि तळाशी ‘स्विस मेड’ एवढंच वाचता येतं. सहाच्या जागी सेकंदाचा छोटा गोल आहे. मागच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’, ‘शॉक प्रोटेक्टेड’, ‘अँटिमॅग्नेटिक’, ‘स्टेनलेस स्टील बॅक’ अशी इंग्रजी अक्षरं आणि एक पाच आकडी नंबर. नंबर इंटरनेटवर टाकला तर काही सापडेना, आणि फोटोवरून शोधलं तर एकसारखी दिसणारी ढीगभर घड्याळं समोर आली. वडील गेल्या वर्षी वारले. चुलतभावाला एक गिऱ्हाईक मिळालंय. ‘महाराजांचं घड्याळ’ म्हणून विकून पैसे वाटून घेऊ, असं तो म्हणतो. सख्ख्या भावाचं म्हणणं, असली घड्याळं जुन्या बाजारात पोत्यानं मिळतात. एक दुकानदार नवं डायल करून द्यायला तयार आहे. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, या गोष्टीवर जीव लावून बसल्यात. ताई विचारतात: मॉडेल कसं ओळखायचं? आणि ते साधं निघालं तर घरात सांगायचं कसं?

ताई, नमस्कार.

बाकीचं वाचायच्या आधी एक काम करा: त्या दुकानदाराला घड्याळ देऊ नका. नवं डायल करतात म्हणजे बहुतेक वेळा जुन्याच पत्र्यावरचं सगळं घासून काढतात आणि वर नवा रंग, नवी अक्षरं चढवतात. पुरानं जे अर्धंमुर्धं शिल्लक ठेवलंय तेही मग जाईल. पुसट झालेलं नाव तिरप्या उजेडात, भिंगाखाली कधी कधी वाचता येतं. घासलेलं नाव कुणालाच वाचता येत नाही. आणि चावी देऊन बघू नका. पुराच्या पाण्याबरोबर गाळाचे बारीक कण आत गेलेत, तेल वाळलंय, चावीच्या दांड्यापाशी गंज धरलेला असणार. अशात ‘चालतंय का बघू’ म्हणून फिरवलं तर चाकांचे दात आणि आसांची टोकं खराब होतात.

आता मॉडेलकडं येऊ. घड्याळाला मॉडेलचं एक नाव असणारच, आणि ते कळलं की घरातला वाद मिटेल, असं तुम्ही धरून चाललाय. या दोन्ही गोष्टींबद्दल मला शंका आहे.

त्या काळातल्या कितीतरी स्विस घड्याळांना आजच्यासारखं मॉडेलचं नाव नसायचंच. मशीन एका कारखान्याचं, केस म्हणजे बाहेरचं कवच दुसऱ्याचं, डायल तिसऱ्याचं, काटे आणखी कुणाचे, आणि हे सगळं एकत्र बसवून वर नाव छापणारी कंपनी निराळीच, अशी तिथली पद्धत होती. शिंपी कापड, अस्तर, बटणं ठिकठिकाणहून आणून कोट शिवतो आणि कॉलरीत आपली पट्टी लावतो, तसंच हे. मुंबई-कलकत्त्याचे आयातदारही डायलवर आपापली नावं छापून घ्यायचे. म्हणून ‘मॉडेल कोणतं’ या प्रश्नाला उत्तर मिळेना तर निराश होऊ नका. मशीन कुणाचं, केस कशाची, काळ साधारण कोणता, असं विचारलंत तर उत्तर मिळण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

त्यातलं काळाचं उत्तर तुमच्या पत्रातच बऱ्यापैकी आलंय. मागच्या झाकणावरचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरं केलंत. राजर्षी शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला झालं. स्टेनलेस स्टीलचा शोधच १९१२-१३ च्या सुमाराचा, आणि घड्याळाच्या केसेसना ते सर्रास वापरायला लागले १९३० नंतर. आतल्या नाजूक आसाला धक्क्यापासून वाचवणारी इन्काब्लॉकसारखी योजनाही १९३० च्या दशकातली. ‘वॉटरप्रूफ, शॉक प्रोटेक्टेड, अँटिमॅग्नेटिक’ ही ओळ साधारण १९४० ते १९६० च्या दशकांतल्या स्विस घड्याळांवर इतकी ठरलेली असते की ती वाचूनच जाणकार काळ सांगतात. म्हणजे हे झाकण महाराजांच्या हयातीतलं नाही. ‘झाकण’ असं मी मुद्दाम म्हणतेय, कारण झाकण बदललेलं असू शकतं. आतलं मशीन बघितल्याशिवाय शेवटचा शब्द नको. पण मन तयार ठेवा.

‘स्टेनलेस स्टील बॅक’चा अर्थ फक्त मागची बाजू स्टीलची, बाकी केस मुलामा दिलेली. पट्टा जिथं अडकतो त्या शिंगांच्या आतल्या कडेला बघा. पट्ट्याच्या घासण्यानं वरचा थर उडून खालचं पिवळट पितळ दिसत असेल. केस सोनेरी असली तरी गुजरीत सोनाराकडं नेऊन कसोटीवर घासायला लावू नका; मुलाम्यावर ओरखडा तेवढा उठेल. आणि १७ ज्वेल्स म्हणजे आत सतरा माणकं आहेत असं तुमच्या चुलतभावाला कुणी सांगितलं असेल तर तेही मनातून काढायला सांगा. माणकंच ती, पण कारखान्यात तयार केलेली. कृत्रिम माणिक बनवायची रीत १९०२ पासून जगाला माहीत आहे. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून ते बारीक खडे बसवतात आणि त्यांना बाजारात काही किंमत नाही. चावीच्या चांगल्या घड्याळात सतरा खडे हा तर नेहमीचाच आकडा.

तो पाच आकडी नंबर मॉडेलचा नसावा. केस बनवणाऱ्या कारखान्याचा किंवा त्या एकट्या नगाचा अनुक्रमांक असणार. नुसता तो इंटरनेटवर टाकून काही हाती लागत नाही यात तुमची चूक नाही. फोटो टाकून शोधण्याचंही तेच. गोल पांढरं डायल आणि खाली छोटा सेकंद अशी घड्याळं स्वित्झर्लंडमधून लाखांनी बाहेर पडलीत.

म्हणून घड्याळ उघडावं लागेल. महाद्वार रोडच्या बाजूला, जुन्या पेठांतून चौकशी करा; चावीची घड्याळं आयुष्यभर हाताळलेला एखादा वयस्क घड्याळजी मिळाला तर उत्तम. नुसते सेल आणि पट्टे बदलणाऱ्याकडं हे काम नको. गेल्या गेल्या सांगा की दुरुस्ती आज करायची नाही, फक्त समोर उघडून दाखवा आणि फोटो काढू द्या. त्याचे जे होतील ते पैसे देते. ‘ठेवून जा, उद्या या’ म्हणाला तर नमस्कार करून परत या. झाकण कसं उघडतं हे त्याला कळेल. काही झाकणं आटे फिरवून निघतात, काही कडेच्या खाचेत पातं घालून, आणि काही घड्याळं मागून उघडतच नाहीत, समोरची काच काढून मशीन बाहेर घ्यावं लागतं. घरी सुरी-कात्री लावायचा मोह कुणालाच होऊ देऊ नका.

झाकण निघालं की आधी त्याची आतली बाजू बघा, मशीन नंतर. तिथं केस बनवणाऱ्याचा ठसा आणि नंबर असतो. आणि नीट उजेड पाडलात तर सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं दिसतील: एखादा आकडा, दोन अक्षरं, नशीब असेल तर तारीख. ज्या ज्या घड्याळजीनं ते उघडून साफ केलं त्यानं आपली खूण तिथं करून ठेवलेली असते. ही खूण मला फार मोलाची वाटते. कंपनीची नोंदवही जळली, दुकान बंद पडलं, पावती पुरात गेली, तरी अमक्या साली हे घड्याळ कुणीतरी दुरुस्तीला दिलं होतं याची ती नोंद आहे. सगळ्यांचे फोटो घ्या, एकदा सरळ उजेडात आणि एकदा मोबाईलचा दिवा बाजूनं तिरपा धरून.

मग मशीन. वरच्या पट्टीवर नाव असेल तर काम सोपं झालं. नसेल तर हलणाऱ्या बॅलन्सच्या चाकाखाली किंवा त्याच्या शेजारी मुख्य पत्र्यावर बघायला सांगा. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय दिसत नाही इतका बारीक ठसा असतो: ढालीत किंवा चौकटीत दोन-तीन अक्षरं आणि पुढं आकडा. ईटीए, एएस, एफएचएफ, युनिटास ही मशीन बनवणाऱ्यांची नावं. समजा तिथं ‘एएस ११३०’ निघालं, तर ते ए. शिल्ड कंपनीचं, छोट्या सेकंदाचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार वापरलं गेलेलं मशीन. ठसा काहीही असो, त्या नंबरावरून घड्याळ कोणत्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही हे कळतं. तुमच्या प्रश्नात तेच महत्त्वाचं आहे. मशीनवर लॉन्जिनसारखं मोठं नाव आलं तर मशीनवरचा अनुक्रमांक उतरवून घ्या. त्या कंपनीनं जुन्या नोंदवह्या जपल्यात आणि विचारलं तर त्यातून माहिती मिळते. छोट्या कंपन्या मात्र बऱ्याचशा १९७० च्या दशकात क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांच्या लाटेत बुडाल्या, त्यांच्या नोंदीही गेल्या.

डायल खरं की नंतर रंगवलेलं, हेही त्याच बैठकीत बघून घ्या. मिनिटांच्या बारीक रेघा आणि तासांच्या खुणा एका ओळीत येतात का? अक्षरांच्या कडा धारदार आहेत की शाई फुटल्यासारख्या? काटे मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतात का, की आखूड पडतात? आपल्याकडं १९६०-७० च्या दशकांत आयातीवर कडक बंधनं होती, स्विस घड्याळं बरीचशी चोरट्या वाटेनं यायची, सुटे भाग तर त्याहून दुर्मिळ. घड्याळजी मग मिळेल तो काटा बसवायचे, डायल रंगवून द्यायचे. त्यातूनच पुढं भडक रंगाच्या, कंपनीनं कधीच न काढलेल्या डायलांची घड्याळं बाजारात आली. जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. तुमचं डायल विटलेलं, डागाळलेलं आहे, पण ते मूळचं असेल तर चकचकीत केलेल्यापेक्षा जाणकार त्यालाच मान देतील. आणि पावती नाही म्हणून घड्याळावर संशय घ्यायचं कारण नाही. त्या काळातल्या कितीतरी घड्याळांच्या पावत्या नसतात.

काटे किंवा आकडे कधी अंधारात चमकत होते का, हे आत्यांना विचारा. आपण अशा सगळ्यांना सरसकट ‘रेडियमचं घड्याळ’ म्हणतो, पण १९६० च्या दशकापर्यंत त्यात खरंच रेडियम असायचं. चमक गेली तरी त्याची किरणं जात नाहीत. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. घड्याळ उघडलेलं नसेल तर चिंता नको. तो थर खरवडायचा नाही, आणि उघडल्यावर फुंकर मारायची नाही, एवढं घड्याळजीलाही सांगा.

आता महाराजांच्या गोष्टीकडं. तुम्ही लिहिलंय, “मशीन नंतरचं निघालं तर आमचे पणजोबा खोटं बोलले असं होईल.” तसं का होईल? पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुष मनगटावर घड्याळ फारसं बांधतच नव्हते, घड्याळ म्हणजे साखळीचं, खिशातलं. खासबागेचं मैदान १९१२ चं. त्या दिवसांत महाराजांनी पैलवानाला घड्याळ दिलंच असेल तर ते खिशातलं असण्याची शक्यता जास्त. ते पुढं हरवलं, मोडलं, अडीअडचणीला गेलं, आणि गोष्ट घरात उरलेल्या घड्याळाला चिकटली, असं सहज घडू शकतं. दुसरी शक्यता अशी की कोल्हापुरात नुसतं ‘महाराज’ म्हटलं की नाव घ्यायची गरज पडत नाही. शाहू महाराजांच्या मागून राजाराम महाराज १९२२ पासून १९४० पर्यंत गादीवर होते. शहाजी महाराज १९४७ ला आले आणि १९८३ पर्यंत हयात होते. घड्याळ ज्या काळातलं दिसतंय, त्या काळात ‘महाराजांनी दिलं’ हे वाक्य कुणाबद्दल होतं, आणि ते पणजोबांबद्दल होतं की आजोबांबद्दल, हे आज कुणी तपासलंय? की पुढच्या पिढीनं ऐकताना आपल्याला जे नाव सगळ्यात जवळचं ते तिथं घातलं? या शक्यता आहेत, पुरावा नाही. पण पणजोबांना खोटं न ठरवता घड्याळ नंतरचं असू शकतं, एवढं तरी यातून दिसतं.

पुरावा शोधायचा तर घरातले जुने फोटो काढा. पैलवानकीचे नव्हेत, त्यात मनगट मोकळंच असणार. लग्नातले, स्टुडिओत कोट-फेटा घालून काढलेले. कोटाच्या खिशातून साखळी लोंबताना दिसते का? मनगटावर काही आहे का, आणि असेल तर सहाच्या जागी छोटा गोल दिसतो का? फोटोमागं स्टुडिओचा शिक्का आणि कधी साल असतं. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानाची दप्तरं आहेत. बरंचसं मोडी लिपीत आहे आणि बक्षिसाची एखादी नोंद सापडणं नशिबाचा भाग, पण मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघायला हरकत नाही.

विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. महाराजांचं नाव लावून विकू नका. हातात लेखी काही नसताना, आणि झाकणावरचे शब्द उलट सांगत असताना, ते नाव लावून पैसे घेणं ही फसवणूक आहे. उद्या गिऱ्हाईक जाणकाराकडं गेलं तर पैसे परत मागायला तुमच्याच दारात येईल. चुलतभावाला दुखवायचं नसेल तर त्याच्याशी वाद घालू नका, एक करायला सांगा: उघडलेल्या मशीनचे फोटो त्या गिऱ्हाईकाला पाठवायचे, महाराजांचा उल्लेखही न करता, आणि विचारायचं, काय द्याल? जो आकडा येईल ती घड्याळाची किंमत. तो आधीच्या आकड्याच्या जवळ असेल तर विकण्याचा विचार करता येईल. खूप खाली आला तर तो कशाचे पैसे देत होता ते भावाच्याच लक्षात येईल.

तुमचा सख्खा भाऊ म्हणतो ते बाजाराच्या हिशेबानं बहुधा बरोबर आहे. पण स्वस्त आहे म्हणून टाकून द्यायचं, हा निर्णय बाजारानं का घ्यावा? मी तुमच्या जागी असते तर घड्याळ ठेवलं असतं, डायलला हात न लावता फक्त मशीन साफ करून घेतलं असतं, बदललेला प्रत्येक भाग पुडीत बांधून परत मागितला असता. वाटणीचा प्रश्न उरतोच. त्यावर घरच्यांनी बसून, ते कुणाकडं राहील आणि लग्नकार्यात कोण घालेल हे ठरवावं. चुलतभावाचाही त्यावर तुमच्याइतकाच हक्क आहे, हे विसरू नका.

असंच बिननावाचं घड्याळ घरी असणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडं. एचएमटी असेल तर काम सोपं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ ला बंगळूरला हा कारखाना निघाला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावं बहुतेक डायलवरच असतात, काहींवर तर देवनागरीत. निवृत्तीला मिळालेलं असेल तर झाकणावर कोरलेलं नाव आणि तारीख हीच त्याची जन्मपत्रिका. पॉलिशला देऊन ती घालवू नका. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, त्यानंतर जुन्या मशीनवर नवीकोरी रंगीत डायलं बसवलेली ‘एचएमटी’ बाजारात फार दिसतात. विकत घेताना सांभाळा. सेको असेल तर झाकणावर दोन नंबर बघा. मध्ये रेघ असलेल्या नंबराचे पहिले चार आकडे मशीनचे आणि रेघेपुढचे केसचे; हेच खरं तर मॉडेल. दुसऱ्या, अनुक्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. दशक कोणतं ते मशीनवरून ठरवायचं. डायलच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापलेले पहिले चार आकडे झाकणावरच्या चार आकड्यांशी जुळत नसतील तर घड्याळ जोडून केलेलं असण्याची शक्यता धरा.

राहिलं घरात सांगायचं. सगळ्यांसमोर, जेवणाच्या पंगतीत हे काढू नका. आधी आत्यांकडं एकट्या जा, आणि सांगायला नव्हे, विचारायला जा. घड्याळ उघडायच्याही आधी जा, म्हणजे तुमच्या मनात निकाल तयार नसेल. मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, त्यांना तसं सांगून. हे घड्याळ त्यांनी पहिल्यांदा कुणाच्या मनगटावर बघितलं? तेव्हा त्या केवढ्या होत्या, कुठल्या घरात राहत होत्या? पणजोबांकडं साखळीचं घड्याळ कधी होतं का? महाराजांची गोष्ट त्यांना कुणी सांगितली, आणि सांगणाऱ्यानं कुठल्या महाराजांचं नाव घेतलं होतं? मध्ये ‘पण ते शक्य नाही’ असं म्हणू नका. त्यांचं बोलून झालं की झाकणावरचे शब्द त्यांना वाचून दाखवा आणि घड्याळ उघडायला जाताना सोबत येता का, ते विचारा.